ब्राँझवरची सही रेमिंग्टनची, पण ओतकाम कोणाचे?

डॅलसजवळच्या प्लॅनो शहरातून आपण विचारलेला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर आपल्याला ती दुरुस्त करता येईल. शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या घरातील वस्तूंची विक्री झाली आणि तेथून आपण दोन ब्राँझ शिल्पे घेतली. पहिले शिल्प मागच्या पायांवर उसळलेल्या घोड्यावरील काउबॉयचे आहे. ते हिरव्या संगमरवराच्या चौथऱ्यावर बसवलेले असून त्यावर ‘फ्रेडरिक रेमिंग्टन’ अशी सही आहे. दुसरे वीतभर उंचीच्या बायसनचे आहे. त्यावर एका हयात शिल्पकाराची सही आणि १२/५० असा आकडा आहे. ही शिल्पे खरी आहेत का, त्यांची किंमत किती असेल, आणि पुण्याहून आलेल्या आपल्या आई ती चिंचेने घासून लख्ख करून देतो म्हणत आहेत तर त्यांना ते करू द्यावे का, हे आपले तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तातडीचे आहे, म्हणून ते आधी देतो: कृपया चिंच लावू देऊ नका. त्याची कारणे शेवटाकडे सविस्तर सांगतो. मी गेली २२ वर्षे कोलोरॅडोत या कामात आहे. त्यातील पहिली १२ वर्षे ओतशाळांमध्ये धातूचे घासकाम आणि रंगकाम करण्यात गेली आणि त्यानंतरची जुन्या ब्राँझच्या जतनात. त्यामुळे माझे उत्तर व्यापाऱ्याचे नसून कारागिराचे असेल, हे लक्षात घेऊन वाचावे.

‘खरे की खोटे’ हा प्रश्न तैलचित्राच्या बाबतीत सरळ असतो, पण ब्राँझच्या बाबतीत तो पुरेसा नसतो, कारण ब्राँझचे शिल्प मुळातच प्रत असते. शिल्पकार माती किंवा मेणात प्रतिमा घडवतो. तिच्यावरून साचा निघतो आणि साच्यातून मेणाची पोकळ प्रत निघते. त्या मेणाला धातू आत जाण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच कांड्या जोडतात, वर उष्णता सोसणाऱ्या लेपाचे थर चढवतात, भट्टीत मेण वितळवून काढून टाकतात आणि उरलेल्या पोकळीत तापलेला रस ओततात. एकाच साच्यातून अशी दहा, पन्नास, तीनशे शिल्पे निघू शकतात आणि ती सर्व सारखीच अस्सल असू शकतात. म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे: हे शिल्प कोणत्या साच्यातून, कोणी, कधी आणि कोणाच्या परवानगीने ओतले? सही या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर देत नाही. सही मूळ प्रतिमेवर कोरलेली असते, त्यामुळे त्या प्रतिमेच्या प्रत्येक नकलेवर ती आपोआप उमटते.

आता आपल्या काउबॉयकडे वळतो. वर्णनावरून हे शिल्प ‘ब्राँको बस्टर’ आहे, म्हणजे बेलगाम घोड्याला वठणीवर आणणारा स्वार. फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) हे मूळचे न्यूयॉर्क राज्यातील चित्रकार. हे त्यांचे ब्राँझमधील पहिलेच काम असून त्याचा कॉपीराइट त्यांनी १८९५ मध्ये नोंदवला. सुरुवातीच्या प्रती न्यूयॉर्कच्या हेन्री-बोनार्ड ब्राँझ कंपनीने वाळूच्या साच्यात ओतल्या. १९०० च्या सुमारास रेमिंग्टन रिकार्डो बर्टेली यांच्या रोमन ब्राँझ वर्क्सकडे गेले, कारण तेथे मेणाच्या पद्धतीने काम होत असे. हा बदल फार महत्त्वाचा आहे. वाळूच्या साच्यात शिल्पकाराचा हात मूळ प्रतिमेपाशी थांबतो. मेणाच्या पद्धतीत प्रत्येक प्रतीचे मेण त्याच्यासमोर येते आणि त्याला ते हवे तसे बदलता येते. रेमिंग्टन यांनी ती मोकळीक पुरेपूर घेतली. ‘ब्राँको बस्टर’च्या काही प्रतींमध्ये स्वाराच्या पायांवरचे चामडी आवरण गुळगुळीत आहे, तर काहींमध्ये ते लोकरी केसांचे आहे. म्हणजे अस्सल प्रतीसुद्धा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत.

रेमिंग्टन गेल्यानंतरही त्यांच्या पत्नी एव्हा यांच्या संमतीने ओतकाम सुरू राहिले. १९१८ मध्ये त्यांचेही निधन झाले आणि अधिकृत प्रतींचा काळ तेथे जवळजवळ संपला. त्यानंतर आलेल्या नकलांची मोजदाद कोणी केलेली नाही आणि ती करणेही शक्य नाही. कॉपीराइटची मुदत केव्हाच संपलेली असल्यामुळे ‘ब्राँको बस्टर’ची नक्कल करून ती नक्कल म्हणून विकणे कायदेशीर आहे, गुन्हा होतो तो ती अस्सल म्हणून विकली तर. या शिल्पाला राजकीय प्रसिद्धीही लाभली. १८९८ मध्ये रफ रायडर्स पलटणीतील सैनिकांनी निरोपाच्या वेळी आपले सेनाधिकारी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांना हेच शिल्प भेट दिले, आणि पुढे व्हाइट हाउसमधील ओव्हल ऑफिसमध्येही त्याची प्रत अनेक वर्षे दिसत आली. त्यामुळे वकिलाच्या कचेरीपासून पेट्रोल पंपाशेजारच्या भेटवस्तूंच्या दुकानापर्यंत सर्वत्र त्याच्या नकला पोहोचल्या.

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निश्चित निकाल देणे योग्य नाही. तरीही आपल्या वर्णनातील एक गोष्ट बरेच सांगून जाते, आणि ती म्हणजे संगमरवरी चौथरा. रेमिंग्टन यांच्या काळातील प्रतींमध्ये घोड्याच्या पायाखालची जमीन हीच शिल्पाची ब्राँझची बैठक असते. संगमरवरी पाट ही नंतरच्या सजावटीच्या नकलांची खूण आहे. एखाद्या मालकाने अस्सल शिल्प हौसेने संगमरवरावर बसवले असणे अशक्य नाही, म्हणून या एका खुणेवर मी निर्णय देणार नाही. पण शंभरातील बहुतेक वेळा पुढच्या तपासण्या याच खुणेला दुजोरा देतात.

त्या तपासण्या आपण घरीच करू शकता. टेबलावर जाड ब्लँकेट पसरून शिल्प हळुवार आडवे करा. घोड्याची शेपटी किंवा स्वाराचा हात धरून ते कधीही उचलू नका. तेथील सांधे सर्वांत कमकुवत असतात. चौथऱ्याच्या तळाला बहुधा हिरवे नमदे चिकटवलेले असेल, त्याखाली नट-बोल्ट सापडेल. तो सोडवून शिल्प वेगळे झाले की विजेरीने आत पाहा. चांगल्या ओतकामात आतली भिंत बाहेरच्या आकाराला धरून चालते, जाडी साधारण सारखी असते आणि कोपऱ्यांत साच्याच्या भाजलेल्या मातीचे अवशेष आढळतात. आत कोठेतरी न दिसणाऱ्या जागी सुईने बारीक ओरखडा काढा. खालचा धातू गुलाबीसर किंवा सोनेरी असेल तर ते तांब्याचे मिश्रण आहे. राखाडी असेल तर जस्ताचे स्वस्त ओतकाम आहे. आणि तपकिरी भुकटी निघाली तर राळेत ब्राँझची पूड मिसळून केलेली वस्तू आहे. लोहचुंबकावर विसंबू नका, कारण तो ब्राँझला चिकटत नाही तसाच जस्तालाही चिकटत नाही.

धातू ब्राँझ निघाला तरी काम संपत नाही, कारण आजच्या नकलाही ब्राँझच्याच असतात. फक्त ते ब्राँझ बहुधा वेगळे असते. आपल्या काशाच्या वाटीत तांबे आणि कथील असते. आज अमेरिकेतील कलाशिल्पांच्या ओतशाळा मुख्यतः सिलिकॉन ब्राँझ वापरतात, ज्यात सुमारे ९५ टक्के तांबे, ४ टक्के सिलिकॉन आणि १ टक्का मँगेनीज असते. रेमिंग्टन यांच्या हयातीत शिल्पांसाठी हा मिश्रधातू वापरात नव्हता. क्ष-किरणांच्या साहाय्याने मिश्रधातू ओळखणारे हातात मावेल असे यंत्र जतनतज्ज्ञांकडे असते. त्याने शिल्पाला धक्काही न लावता काही मिनिटांत घटक कळतात.

सर्वांत खात्रीची वाटणारी कसोटी मापाची आहे आणि ती फारच थोडे लोक करतात. वितळलेले ब्राँझ थंड होताना सुमारे दीड ते दोन टक्के आकसते. मूळ साच्यातून निघालेल्या सर्व प्रतींमध्ये हे आकसणे एकदाच झालेले असते. परंतु कोणी तयार ब्राँझवरूनच नवा साचा घेतला, तर त्या साच्यातून निघालेली प्रत पुन्हा एकदा आकसते आणि मूळ प्रतींपेक्षा लहान होते. ‘ब्राँको बस्टर’ची नेहमीची उंची साठ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे नकलेवरून नक्कल झाली असेल तर सेंटिमीटरभराचा फरक पडतो. मात्र उंची किंवा चाबूक धरलेल्या हाताचे अंतर मोजू नका. मेण नरम असते, हात थोडा वाकतो, आणि रेमिंग्टन तर तो मुद्दाम बदलत. बैठकीची लांबी-रुंदी, खोगिराची लांबी अशी पक्की मापे घ्या आणि ती संग्रहालयातील प्रतीच्या प्रसिद्ध मापांशी ताडून पाहा. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने माझ्याकडे असेच एक शिल्प आणले होते. सोबत विक्रेत्याने दिलेले भरजरी प्रमाणपत्र होते, तळाला ओतशाळेचे नावही उमटलेले होते. पण तीन ठिकाणची मापे घेतली तेव्हा तिन्ही जवळजवळ दोन टक्क्यांनी कमी भरली. ओतशाळेची खूणही सहीसारखीच मूळ प्रतीवरून नकलेत उतरली होती, आणि तिच्या कडा बोथट झाल्या होत्या. त्या कुटुंबाने निवृत्तीच्या पैशांतला मोठा हिस्सा त्यात घातला होता. त्यांना हे सांगणे मला फार जड गेले.

बोथटपणा हा शब्द लक्षात ठेवा. प्रत्येक नव्या साच्यागणिक बारकावे पुसट होत जातात. घोड्याच्या नाकपुडीची आतली कड, आयाळीच्या बटांमधील खोल जागा, लगामावर आवळलेली बोटे, टाचेची काटेरी आर, या जागा भिंगाखाली पाहा. चांगल्या प्रतीत बोटे एकमेकांपासून सुटी वाटतात. वाईट नकलेत ती बोटांऐवजी गोळा वाटतात. आणखी एक खूण: आपल्या काउबॉयवर कोठे २७/१०० सारखा अपूर्णांक कोरलेला असेल तर शंकेला जागाच उरत नाही. मर्यादित प्रतींचा असा आकडा घालण्याची पद्धत रेमिंग्टन यांच्या काळातील नाही. रोमन ब्राँझ वर्क्सच्या प्रतींवर तळाच्या आतील बाजूस साधा क्रमांक असे, आणि त्या ओतशाळेच्या हिशेबाच्या वह्या आज जपून ठेवलेल्या आहेत.

त्या वह्या आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत, म्हणून हा योग मला विशेष वाटतो. फोर्ट वर्थ येथील एमन कार्टर संग्रहालयाकडे रोमन ब्राँझ वर्क्सचे दप्तर आहे, आणि रेमिंग्टन व चार्ल्स रसेल यांच्या ब्राँझचा संग्रहही आहे. प्रवेश विनामूल्य आहे. मी आपल्या जागी असतो तर किमतीची चौकशी करण्याआधी एक शनिवार तेथे घालवला असता. अस्सल प्रतीसमोर अर्धा तास उभे राहून घरी परतल्यावर आपल्या शिल्पाकडे पाहिले की पुष्कळ प्रश्नांची उत्तरे डोळेच देतात.

चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) यांचे नाव आले म्हणून एक मधली अवस्था सांगून ठेवतो. रसेल मोंटानात प्रत्यक्ष गुरे राखणाऱ्यांमध्ये राहिलेले होते आणि खिशात मेणाचा गोळा ठेवून बोलता बोलता प्राणी घडवत. त्यांची अनेक मेणाची शिल्पे ब्राँझमध्ये उतरली ती त्यांच्या मृत्यूनंतर, आधी पत्नी नॅन्सी यांच्या संमतीने आणि १९४० मध्ये त्या गेल्यावर इतरांकडून. अशा प्रतींना खोटे म्हणता येत नाही आणि हयातीतील प्रतींची बरोबरीही देता येत नाही. बाजारात त्यांना त्यांची वेगळी किंमत असते. विक्रेता ‘मरणोत्तर प्रत’ असे स्वतःहून सांगतो की नाही, यावरून मी त्याच्या सचोटीचा अंदाज बांधतो.

आता आपला बायसन. माझ्या मते आपल्या दोन शिल्पांपैकी हेच अधिक मोलाचे असण्याची शक्यता आहे, आणि आपण त्याविषयी दोनच ओळी लिहिल्या याचे मला वाईट वाटले. १२/५० याचा अर्थ शिल्पकाराने जास्तीत जास्त ५० प्रती ओतण्याचे वचन दिले आणि आपली बारावी आहे. लहान क्रमांक अधिक चांगला असा समज छापील चित्रांकडून आलेला आहे. तेथे ठसा झिजतो. ब्राँझमध्ये प्रत्येक प्रतीसाठी रबरी साच्यातून नवे मेण निघते आणि साचा थकला की मूळ प्रतिमेवरून नवा करता येतो, त्यामुळे बाराव्या आणि एकेचाळिसाव्या प्रतीत दर्जाचा फरक असायलाच हवा असे नाही. शिवाय पन्नासही प्रती एकदम ओतल्या जात नाहीत. बहुतेक शिल्पकार मागणी येईल तशी प्रत ओतून घेतात, कारण प्रत्येक प्रतीचा खर्च मोठा असतो. कित्येक मालिकांमध्ये ५० पैकी निम्म्या प्रतीही कधी ओतल्या जात नाहीत. शिल्पकार हयात असेल तर त्याच्या कार्यशाळेला पत्र लिहून तीन गोष्टी विचारा: ही प्रत कोणत्या वर्षी आणि कोणत्या ओतशाळेत ओतली, आजवर एकूण किती प्रती ओतल्या, आणि हीच प्रतिमा इतर आकारांत काढली आहे का. माझ्या अनुभवात शिल्पकार अशा पत्रांना आनंदाने उत्तर देतात. आपले काम कोणाच्या घरी पोहोचले हे त्यांनाही जाणून घ्यायचे असते.

प्राण्यांच्या शिल्पात काय पाहावे, यावर माझे मत ठाम आहे. केसांची प्रत्येक बट कोरलेली असणे म्हणजे उत्तम काम नव्हे. बायसनचे वजन खांद्यावरच्या उंचवट्यात आणि पुढच्या पायांत असते, मागचा भाग त्या मानाने हलका असतो. हे वजन आपल्याला जाणवते का ते पाहा. फ्रान्समधील आंत्वान-लुई बारी यांनी १९व्या शतकात प्राणिसंग्रहालयात जाऊन, मेलेल्या प्राण्यांची मापे घेऊन हा पाया घातला, आणि अमेरिकेत अलेक्झांडर फिमिस्टर प्रॉक्टर, ॲना हायट हंटिंग्टन यांनी तो पुढे नेला. मोंटानाचे बॉब स्क्रायव्हर तर व्यवसायाने प्राण्यांच्या कातडीत पेंढा भरणारे होते. त्यांच्या शिल्पांमध्ये कातडीखालचे हाड जाणवते. आपल्या परिसरातच अर्व्हिंगमधील लास कोलिनास येथे रॉबर्ट ग्लेन यांचे नऊ घोडे पाण्यातून धावत आहेत, ते एकदा सावकाश पाहून या. ज्या शिल्पकाराने जिवंत जनावर पाहिले आहे आणि ज्याने फक्त छायाचित्र पाहिले आहे, त्यांच्यातला फरक तेथे कळेल.

किमतीबाबत आपण आकडा मागितला आहे, आणि तो मी फोटो न पाहता देणार नाही. एवढेच सांगतो की रेमिंग्टन यांच्या ‘कमिंग थ्रू द राय’ या शिल्पाची एक अस्सल प्रत २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली, तर संगमरवरी चौथऱ्यावरच्या सजावटीच्या नकला काही शे डॉलरला मिळतात. या दोन टोकांच्या मध्ये आपले शिल्प कोठे आहे, हे वरील तपासण्यांनीच ठरेल. मूल्यांकन करून घ्यायचेच असेल तर ठरावीक शुल्क घेणाऱ्या, मूल्याच्या टक्केवारीवर काम न करणाऱ्या आणि स्वतः ती वस्तू विकत घेण्याची तयारी न दाखवणाऱ्या व्यक्तीकडे जा. हयात शिल्पकाराच्या कामाबाबत एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे: दालनातील पहिल्या विक्रीची किंमत दुसऱ्या विक्रीत बहुधा मिळत नाही. म्हणून गुंतवणूक म्हणून ही शिल्पे जमवा असा सल्ला मी कोणालाही देत नाही.

आता चिंचेविषयी. आपल्या घरात तांब्या-पितळेची भांडी उजळ असणे हे निगुतीचे लक्षण आहे, आणि आपल्या आईंची भावना मला मनापासून समजते. परंतु ब्राँझ शिल्पाचा तपकिरी, काळसर किंवा हिरवट रंग म्हणजे मळ नव्हे. आम्ही धातू ज्योतीने तापवून त्यावर रसायने चढवतो. फेरिक नायट्रेटने तांबूस तपकिरी, क्युप्रिक नायट्रेटने हिरवा-निळा, गंधकाच्या क्षाराने काळपट छटा येते, आणि शेवटी मेणाचा हात देऊन तो रंग कोंडून ठेवतो. या थराला पॅटिना म्हणतात. त्यावर शिल्पकाराशी चर्चा करून कधी कधी दोन-दोन दिवस काम चालते. चिंचेतील आम्ल तो थर काही मिनिटांत विरघळवते. सोबत मीठ असेल तर हानी तेथेच थांबत नाही: मिठातील क्लोराइड धातूच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते, हवेतील ओलावा आणि प्राणवायू मिळाला की फिकट हिरवी भुकटी तयार होते, त्यातून पुन्हा आम्ल निघते, आणि वरून पुसली तरी ती कीड आतून चालूच राहते. चिंच-मिठाने चमकवलेला एक बायसन माझ्याकडे आला होता. मी त्याचा रंग पुन्हा चढवला, पण तो माझा रंग होता, शिल्पकाराचा नव्हता, आणि तसे मला नोंदीत लिहावे लागले.

निगा फार सोपी आहे. आठवड्याला मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. हात लावायचाच असेल तर सुती हातमोजे घाला, कारण घामातही मीठ असते. वर्षातून एकदा कलावस्तूंसाठी मिळणारे सूक्ष्म-स्फटिकी मेण मऊ फडक्यावर अगदी थोडे घेऊन पातळ हात द्या, वीस मिनिटांनी दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. हे काम आपल्या आईंकडेच सोपवा. देवघरातील मूर्ती वर्षानुवर्षे हळुवार पुसणाऱ्या हातांना शिल्पावर किती जोर द्यावा हे शिकवावे लागत नाही. मेण लावण्यापूर्वी मात्र दोन्ही शिल्पांचे चारही बाजूंनी, तळाचे आणि सहीचे फोटो, तसेच बैठकीची मापे मिलिमीटरमध्ये घेऊन मला पाठवा. मेणाच्या थराखाली कडा वेगळ्या भासू शकतात, आणि मला त्या आहेत तशाच पाहायच्या आहेत.